एक गळा, दोन एलपी: जो स्टॅफर्ड सुरात आणि सुराबाहेर

१९६० साली अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने गायिका जो स्टॅफर्ड हिच्या आवाजातल्या दोन एलपी, म्हणजे लांब वाजणाऱ्या तबकड्या, बाजारात आणल्या. ‘जो प्लस जॅझ’ तिच्या स्वतःच्या नावाने आली. दुसरीचं नाव ‘जोनाथन अँड डार्लीन एडवर्ड्‌स इन पॅरिस’. पियानोवर जोनाथन, गायला त्याची बायको डार्लीन, आणि दोघेही सुरालयीला पारखे. पहिली कानावरून मोरपीस फिरवते, दुसरी पहिल्या ओळीपासून टोचते. गळा मात्र एकच. डार्लीन म्हणजे स्टॅफर्डच, आणि जोनाथन म्हणजे तिचा नवरा, संगीत-संयोजक पॉल वेस्टन. या गायिकेची ओळख करून घ्यायची असेल तर दोन्ही एलपी जोडीने घ्याव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकटी पहिली ऐकली तर आवाज फार सोपा वाटतो. तो सोपा का नाही, हे दुसरी ऐकल्यावर कळतं.

आधी आवाजाबद्दल. स्टॅफर्डचा सूर थेट लागतो. खालून ओढत येत नाही, वरून घसरत नाही आणि लागला की हलत नाही. त्या काळच्या बहुतेक गायक-गायिका लांबवलेल्या स्वरावर कंप सोडायच्या. स्टॅफर्ड तो अगदी जपून वापरते. कंपात स्वर वरखाली हेलकावत असतो आणि आपला कान त्या हेलकाव्याचा मध्य धरतो, त्यामुळे थोडा कणसूरपणा त्यात सहज खपून जातो. कंप काढून घेतला की लपायला जागा राहत नाही. म्हणून तिच्यासारखं गाणं हे कागदावर साधं आणि प्रत्यक्षात अवघड काम आहे.

ही सवय आली कुठून, तर तालमीतून आणि घोळक्यातून. १२ नोव्हेंबर १९१७ ला कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा इथे तिचा जन्म झाला. पाश्चात्त्य अभिजात गायनाची तालीम झाली, डोक्यात ऑपेरा होता. मंदीच्या वर्षांत ते मागे पडलं आणि ती बहिणींबरोबर ‘स्टॅफर्ड सिस्टर्स’ म्हणून रेडिओवर गाऊ लागली. पुढे ‘पाइड पायपर्स’ हा गट. सुरुवातीला आठ जणांचा: सात पुरुष आणि ही एकटी. टॉमी डॉर्सीच्या ऑर्केस्ट्रात १९३९ साली जागा मिळाली ती चौघांनाच. चार आवाज जवळजवळचे स्वर धरून एकत्र गातात तेव्हा एकानेही मोठा कंप सोडला तर अख्खा कॉर्ड, म्हणजे एकत्र लागलेल्या स्वरांचा गुच्छ, गढूळ होतो. त्या बैठकीत वर्षानुवर्षं बसलेल्या गळ्याला सरळ स्वराची सवय लागणारच. १९४० च्या ‘आय’ल नेव्हर स्माइल अगेन’मध्ये फ्रँक सिनात्राच्या मागे हेच चार आवाज आहेत. ‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकाने त्याच जुलैत खपाची पहिली राष्ट्रीय यादी छापली, तेव्हा अव्वल क्रमांकावर हीच रेकॉर्ड होती आणि १२ आठवडे तिथेच राहिली. ऐकताना सिनात्राला जरा बाजूला ठेवा आणि फक्त मागचा गट ऐका. चौघांतला एकही आवाज वेगळा काढता येत नाही, इतकी वीण घट्ट आहे.

एकल कारकीर्द १९४४ पासून, कॅपिटल कंपनीत. तिच्या अष्टपैलूपणाबद्दल सगळेच बोलतात, पण त्यातली मेख अशी की गाण्याचा बाज बदलला तरी ती आवाज बदलत नाही. १९४७ मध्ये रेड इंगलच्या बँडबरोबर ‘टेम्प्टेशन’चं खेडवळ उच्चारातलं विडंबन झालं, ते ‘सिंडरेला जी. स्टंप’ या टोपणनावाने आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. लगेच पुढे अमेरिकन लोकगीतं, वेस्टनच्या ऑर्केस्ट्रासह. लोकगीतांना वाद्यवृंदाची झालर लावणं तेव्हा नवीन होतं. ती झालर कधीकधी जड होते हेही खरं, पण ‘बार्बरा ॲलन’ ती ज्या निवांतपणे सांगते त्याला तोड नाही. पुढे लोकसंगीतात मोठी झालेली जूडी कॉलिन्स हिने आपल्या वाटेचं श्रेय या रेकॉर्डला दिलं आहे. गॉर्डन मॅक्रेबरोबरची भक्तिगीतं, रॉबर्ट बर्न्सच्या कवितांवरची स्कॉटिश गाणी, फ्रँकी लेनबरोबरची कंट्री गाणी, सगळीकडे तोच सरळ सूर. १९५० ला ती कोलंबियाकडे आली आणि १९५२ च्या ‘यू बिलाँग टू मी’ने अमेरिकेबरोबर ब्रिटनचाही पहिला क्रमांक घेतला. ब्रिटनच्या यादीत तिथे पोचलेली ती पहिली स्त्री, जानेवारी १९५३ मध्ये.

आता ‘जो प्लस जॅझ’. बारा गाणी, संयोजन जॉनी मँडेलचं, वादकांत बेन वेबस्टर, जॉनी हॉजेस, रे नान्स, जिमी रोल्स, मेल लुइस. यातले हॉजेस, नान्स आणि वेबस्टर ही जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधून आलेली माणसं, आणि निवडलेल्या गाण्यांतही एलिंग्टनचा वाटा मोठा आहे. मँडेलचं शहाणपण असं की त्याने तंतुवाद्यांचा गालिचा अंथरलाच नाही. मोजकी वाद्यं आणि भोवती भरपूर हवा. त्यामुळे गळ्याचं बारीक काम ऐकू येतं.

परीक्षेचं गाणं ‘मिडनाइट सन’. या चालीचा पहिला तुकडा अर्ध्या-अर्ध्या सुराने पायऱ्या उतरत खाली येतो, मग तोच तुकडा आणखी खालून सुरू होतो. अशा उतारावर बहुतेक गळे प्रत्येक पायरीला केसभर जास्त उतरतात आणि तळाशी पोचेपर्यंत चांगलेच खाली गेलेले असतात. दुसरे काही पायऱ्याच पुसून टाकतात, सरळ घसरगुंडी करतात. स्टॅफर्ड प्रत्येक पायरीवर पाय ठेवते आणि तरीही चाल तुटत नाही. लक्ष द्यायचं ते तुकड्याच्या तळाच्या स्वराकडे: तिथे वाद्यांचा कॉर्ड येतो आणि तिचा स्वर त्यात विरघळतो, टक्कर होत नाही. ‘द फोक्स हू लिव्ह ऑन द हिल’मध्ये दमसास पाहा. वाक्य जिथे संपतं तिथेच श्वास, मध्ये नाही. शब्दाचं शेवटचं व्यंजन ती हलकेच ठेवते, आपटत नाही.

कमतरताही सांगायला हवी. ती जॅझ गायिका नाही. चालीशी ती फार खेळत नाही, नवी वळणं रचत नाही, बोल सोडून नुसत्या अक्षरांवर तर जातच नाही. लय मागेपुढे करते ती जेमतेम. ज्यांना एला फिट्‌झजेराल्डसारखी झेप हवी असेल त्यांना ही एलपी बेतशीर वाटेल. जलद गाण्यांत मागचे वादक तिच्यापेक्षा मोकळे आहेत आणि ते जाणवतं. संथ गाण्यांत मात्र तिने शांतपणे सोडलेल्या जागा हॉजेस, वेबस्टरसारख्यांसाठीच असाव्यात इतक्या नेमक्या आहेत.

पॅरिसची एलपी हे जोडीचं दुसरं अपत्य. जोनाथनचा जन्म १९५६ साली फ्लोरिडातल्या की वेस्टमध्ये, कोलंबियाच्या विक्रेत्यांच्या मेळाव्यात झाला. वेस्टनने तिथे हॉटेलातल्या वाईट पियानोवाल्याची नक्कल केली आणि कंपनीची माणसं मागेच लागली. पूर्ण एलपीभर नुसता पियानो पुरणार नाही म्हणून बायकोला गायला घेतलं. १९५७ च्या त्या पहिल्या एलपीच्या मुखपृष्ठावर पियानोवर ठेवलेले दोन्ही हात एकाच बाजूचे आहेत. नीट पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. पॅरिसच्या एलपीला विनोदी संगीताचं ग्रॅमी मिळालं, १९६१ मध्ये. स्टॅफर्डच्या नावावरचं ते एकुलतं ग्रॅमी.

यात चुकवलंय काय, हे बारकाईने ऐकण्यासारखं आहे. बेसूर गाणारा खरा माणूस इकडेतिकडे भरकटतो, मध्येच चुकून सुरातही येतो. डार्लीन तसं होऊ देत नाही. ती योग्य स्वराच्या शेजारी, साधारण पाव सुराच्या अंतरावर बसते आणि तिथेच टिकते. पियानोवर दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं, म्हणजे ही फट ५० सेंटच्या आसपास. याहून कमी चुकवलं तर श्रोता नुसता अस्वस्थ होईल, याहून जास्त चुकवलं तर सरळ दुसराच स्वर लागेल. मधली ती अरुंद पट्टी हेरून तिथे ठाण मांडायला खरा स्वर डोक्यात पक्का असावा लागतो. त्यातच ती भावही पूर्ण ओतते. डार्लीनला आपण सुंदर गातोय याची खात्री आहे. वेस्टनचा डावा हात चार मात्रांच्या मापात मध्येच पाचवी मात्रा घुसवतो किंवा एखादी गाळतो, उजवा हात लांब तान घेतो आणि ती उतरते ती हमखास चुकीच्या पट्टीवर. ‘आय लव्ह पॅरिस’ आणि ‘एप्रिल इन पॅरिस’ इथून सुरुवात करावी. दोन्ही बाजू सलग ऐकू नयेत. तीन गाण्यांनंतर कान बधिर होतो आणि फट जाणवेनाशी होते. मध्ये ‘जो प्लस जॅझ’मधलं एक गाणं लावलं की कान पुन्हा जागेवर येतो.

एलपी घेताना काय पाहावं? पहिल्या छपाईच्या कोलंबिया एलपीच्या लेबलवर डावी-उजवीकडे तीन-तीन अशा सहा ‘डोळ्यांच्या’ खुणा असतात. १९६२ च्या सुमाराला त्या दोनवर आल्या. क्रमांकाच्या आधी ‘सीएल’ म्हणजे मोनो, ‘सीएस’ म्हणजे स्टीरिओ. वेस्टन-स्टॅफर्ड यांनी पुढे ‘कोरिंथियन’ या स्वतःच्या लेबलवर जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढल्या. ऐकायलाच हवी असेल तर त्या उत्तम, सहा डोळ्यांसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

सरळ स्वराची गायिका तबकडीतला प्रत्येक दोष उघडा पाडते, म्हणून भोक मध्यावर आहे का हे आधी तपासा. तबकडी फिरवा आणि कार्ट्रिजकडे, म्हणजे सुई बसवलेल्या डबीकडे, वरून पाहा. ते डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक सरकलंय. नुसतं अर्धा मिलिमीटर सरकलं तरी केंद्रापासून १० सेंटिमीटरवर वेग अर्ध्या टक्क्याने कमीजास्त होतो, म्हणजे स्वर दोन्हीकडे सुमारे ९ सेंट डोलतो, दर १.८ सेकंदाला एक हेलकावा. ढोलकीच्या रेकॉर्डमध्ये हे खपेल. स्टॅफर्डच्या लांब स्वरात तो चक्क कंप वाटतो, आणि ऐकणारा दोष तिच्या गळ्याला देतो.

मग प्लेअरचा वेग. वेगातली एक टक्का चूक म्हणजे सुमारे १७ सेंट. ५० सेंटच्या फटीवर उभ्या असलेल्या विनोदाचा एकतृतीयांश त्यात जातो असं नव्हे, कारण पियानोही तेवढाच सरकतो. पण दोन एलपी वेगवेगळ्या प्लेअरवर लावून तुलना केली तर कान फसतो. रेषांची स्ट्रोब चकती वापरावी: ५० हर्ट्‌झच्या विजेला १८० रेषांची, ६० हर्ट्‌झला २१६ रेषांची. रेषा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. न लुकलुकणाऱ्या एलईडी दिव्याखाली त्या स्थिर दिसत नाहीत, तेव्हा दिवा विजेबरोबर लुकलुकणाराच हवा.

वापरलेली प्रत घेताना प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं आधी लावा. बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत जेमतेम २१. झिजलेल्या खाचेत ‘स’ आणि ‘श’ तिथेच फाटतात. मोनो प्रत स्टीरिओ कार्ट्रिजवर लावत असाल तर ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा, सुईच्या उभ्या हालचालीतून येणारी खरखर बरीचशी गळून जाते.

१९४० च्या दशकातल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांना हीच सुई लावू नका. त्यांची खाच रुंद असते, सुमारे ७६ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाला जाऊन नुसता कचरा वाजवते. त्या लाखेच्या तबकड्या अल्कोहोलने पुसू नयेत, लाख विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी आणि साबणाचा एखादा थेंब पुरतो. लेबल कोरडं राहू द्या.

एलपी नकोच, सीडी किंवा स्ट्रीमिंगवर ऐकायचं असेल तर संग्रहाचं नाव वाचून फसू नका. युरोपात १९६२ पर्यंतच्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क संपलेले असल्याने तिथून स्वस्त संग्रहांचा पूर येतो. त्यातले बरेचसे जुन्या तबकड्यांवरून उतरवलेले असतात. खरखर काढण्याच्या भरात श्वास, व्यंजनांची टोकं आणि खोलीचा घुमारही निघून जातो. आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मोनो मुद्रणाचं नकली स्टीरिओही टाळावं. ध्वनिमुद्रणाचं साल छापलेलं नसेल तर तो संग्रह बाजूला ठेवा: त्या पिढीतल्या अनेक गायकांनी गाजलेली गाणी १९६० च्या दशकात स्टीरिओसाठी पुन्हा गायली, आणि नावावरून मूळ कुठलं हे कळत नाही.

क्रम विचारलात तर असा: ‘मिडनाइट सन’, मग ‘आय लव्ह पॅरिस’, मग पुन्हा ‘मिडनाइट सन’. तिसऱ्या वेळी त्या उताराच्या तळाचा स्वर ऐका.