डीप स्पेस नाइन: आधी ‘मूनलाइट’ बघावा की ‘एआर-५५८’?

‘डीप स्पेस नाइन’ ही ‘स्टार ट्रेक’च्या कुळातली, एका अंतराळ स्टेशनवर घडणारी मालिका. तिचे सात सीझन, जवळपास पावणेदोनशे एपिसोड. एवढी सवड नसलेल्या माणसाला चाहते दोन नावं हमखास सुचवतात: सहाव्या सीझनमधला ‘इन द पेल मूनलाइट’ आणि सातव्यातला ‘द सीज ऑफ एआर-५५८’. दोन्ही १९९८चे, दोन्हींवर ‘डार्क’ असा शिक्का. पण या दोन एपिसोडबद्दल बोलताना चाहत्यांचा सूर पार बदलतो, आणि आधी कुठला लावायचा हे त्या सुरावरूनच ठरवावं असं माझं मत आहे. (कथा थोडी फुटणार. त्याला इलाज नाही.)

ज्यांनी दूरदर्शनवर कर्क-स्पॉकची जुनी मालिका बघितली, त्यांच्या डोक्यात ‘स्टार ट्रेक’ म्हणजे शहाणी झालेली माणसं आणि एकूण उजळ भविष्य. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडेनबेरींची ती कल्पना. ते १९९१मध्ये गेले, ‘डीप स्पेस नाइन’ १९९३च्या जानेवारीत सुरू झाली, आणि पुढे तिने थेट महायुद्धच मांडलं. ‘हे ट्रेकच नव्हे’ म्हणणारा एक गट तेव्हाही होता, आजही आहे. तुमचा कल तिकडे असेल तर दोन्ही सोडा आणि तिच्याआधीची ट्रेक मालिका ‘नेक्स्ट जनरेशन’ लावा. उगाच जिवाला त्रास कशाला?

‘मूनलाइट’मध्ये गोळीबार जवळजवळ नाहीच. स्टेशनचा प्रमुख कॅप्टन सिस्को आपल्या खोलीत बसून थेट कॅमेऱ्याकडे बघत डायरी सांगतोय. डोमिनियन या परक्या साम्राज्याशी चाललेलं युद्ध हरायला आलंय. दर शुक्रवारी स्टेशनच्या भिंतीवर मृतांची यादी लागते आणि कुणाला ना कुणाला तीत ओळखीचं नाव सापडतं. रोम्युलन हे परग्रहावरचे बलाढ्य लोक तटस्थ आहेत; त्यांना आपल्या बाजूने युद्धात ओढायचं तर पुरावा हवा, आणि पुरावा नसेल तर तो तयार करायचा. त्यासाठी सिस्को गाठतो गॅराकला, म्हणजे स्टेशनवरच्या शिंप्याला, जो पूर्वी हेर होता. मग एकेक पायरी खाली. आधी खोटं, मग एका गुन्हेगाराची सुटका, मग स्टेशनवरचा बारमालक क्वार्क याला लाच. लाच घेताना क्वार्क खुशीत येतो: प्रत्येक माणसाची किंमत असते, या आपल्या फेरेंगी (म्हणजे नफ्यावर जगणाऱ्या परग्रही जमातीच्या) नियमावरचा त्याचा विश्वास सिस्कोने परत मिळवून दिलाय! शेवटी खून होतो, तो गॅराक करतो. इकडे डायरी सांगणाऱ्या सिस्कोच्या अंगावरचा गणवेश हळूहळू सैल होत जातो, हातात पेला येतो. ‘मी हे घेऊन जगू शकतो’ हे तो पुन्हापुन्हा म्हणतो, आणि अख्खी नोंद पुसून टाकतो.

चाहत्यांना हा एपिसोड भलताच आवडतो. सर्वोत्तम ट्रेक एपिसोडच्या याद्यांत तो वरच्या नंबरात असतोच. रोम्युलन सेनेटर व्रीनाक ती बनावट डेटा-रॉड उंचावून ‘इट्स अ फेक!’ असं ओरडतो, त्याचे मीम अजून फिरतात. एका सेनेटरचा आणि एका गुन्हेगाराचा जीव, शिवाय एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान, एवढ्यात अख्खा अल्फा क्वाड्रंट, म्हणजे आकाशगंगेचा पाव भाग, वाचला म्हणजे सौदा स्वस्तातच पडला, हा गॅराकचा हिशेब लोक चवीने ऐकवतात. माझी थोडी अडचण तिथेच आहे. हा एपिसोड बघताना मजा येते. ‘सिस्कोने बरोबरच केलं’ म्हणणारा मोठा गट आहे, आणि त्यातले बरेचजण ते इतक्या आरामात म्हणतात की सिस्कोचा आवाज का कापतोय हा प्रश्नच उरत नाही. दुसरी रास्त तक्रार अशी की पुढे याचे पडसाद उमटतच नाहीत. रोम्युलन युद्धात उतरतात आणि ते खोटं शेवटपर्यंत उघडकीस येत नाही.

‘एआर-५५८’चं तसं होत नाही. शत्रूकडून हिसकावलेलं एक संदेश-केंद्र, ते सांभाळायला उतरलेले दीडशे सैनिक. पाच महिन्यांनी त्यातले त्रेचाळीस उरलेत. एकाच्या गळ्यात माळ आहे, ती मारलेल्या शत्रूंकडून काढलेल्या औषधाच्या नळ्यांची. न दिसणारे सुरुंग कधीही, कुठेही फुटतात. दिग्दर्शक विनरिख कोल्बे स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेले होते आणि ते जाणवतं: इथे कुणी शूर दिसत नाही, दमलेले दिसतात. क्वार्क इथेही आहे. माणसांची झोप, जेवण, अंघोळ काढून घेतली की ती क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांइतकीच हिंस्र होतात, असं तो आपल्या भाच्याला बजावतो. भाचा म्हणजे नॉग, स्टारफ्लीटमध्ये, म्हणजे सिस्कोच्या अंतराळदलात, गेलेला पहिला फेरेंगी. त्याला टेहळणीवर पाठवलं जातं आणि त्याचा पाय जातो.

या एपिसोडवर मीम फारसे दिसत नाहीत. तक्रारी आहेत, त्याही खऱ्या आहेत: खडक सेटवरचे वाटतात, आणि चोविसाव्या शतकात शत्रू असा समोरून धावत कशाला येईल? पण बोलणं लवकरच नॉगकडे वळतं. एक एपिसोड सोडून येणाऱ्या ‘इट्स ओन्ली अ पेपर मून’मध्ये तो नवा पाय बसवून परततो, लंगडत राहतो आणि होलोस्वीटमधल्या (आभासी जग उभं करणाऱ्या खोलीतल्या) एका गायकाच्या खोट्या जगात दडी मारतो. हे बघून धीर आला, असं युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी नॉगची भूमिका करणाऱ्या ॲरन आयझेनबर्ग यांना येऊन सांगितलं होतं. आयझेनबर्ग २०१९मध्ये गेले, तेव्हा चाहत्यांनी ‘पेपर मून’चीच आठवण सगळ्यात जास्त काढली.

‘मूनलाइट’मधली मृतांची यादी ‘एआर-५५८’च्या शेवटीही येते. ‘मूनलाइट’मध्ये ती यादी सिस्कोला पुढच्या पापाचं कारण पुरवते. इथे यादीतली नावं कशी तयार होतात ते आपण पाऊण तास बघितलेलं असतं. म्हणून दोन्हींत मला ‘एआर-५५८’ अधिक प्रामाणिक वाटतो. पटकथा मात्र ‘मूनलाइट’चीच जास्त बांधीव, यात वाद नको.

आता तुमचं. मालिका अजिबात माहीत नसेल आणि एकच संध्याकाळ हाताशी असेल तर ‘मूनलाइट’ घ्या. मागचापुढचा संदर्भ नसला तरी तो पकड घेतो, आणि संपल्यावर जेवणाच्या टेबलावर भांडायला विषयही मिळतो. कुमारवयीन मुलांबरोबर बघायचा असेल तरी हाच. ‘एआर-५५८’ थेट लावू नका. नॉग कोण हे ठाऊक नसेल तर ती नुसती एक लढाई वाटते. आधी तिसऱ्या सीझनमधला ‘हार्ट ऑफ स्टोन’ बघा, ज्यात हा पोरगा आपल्या बापासारखं आयुष्य नको म्हणून सिस्कोपुढे शिफारशीसाठी उभा राहतो. मग ‘एआर-५५८’, आणि लगेच ‘पेपर मून’. घरात कुणी अपघातातून किंवा मोठ्या आजारपणातून उठलेलं असेल तर त्यांना आधी विचारून घ्या. काहींना या तिकडीने आधार वाटतो, काहींना नको होतं.

या यादीत चाहते चौथ्या सीझनमधला ‘हार्ड टाइम’ही घुसवतात. स्टेशनचा इंजिनिअर ओब्रायन याच्या डोक्यात काही तासांत वीस वर्षांच्या कैदेच्या आठवणी भरल्या जातात. एपिसोड उत्तम आहे, पण त्यात तो स्वतःला संपवायच्या टोकापर्यंत जातो. सध्या मन ठिकाणावर नसेल तर तो राहू द्या.