मित्राला रात्री गरवायला न्यायचंय : खाडी बरी की नदीचा डोह?

गरवणं म्हणजे गरीला आमिष लावून मासा धरणं. नवख्या माणसाची पहिली रात्र असेल तर खाडीचा धक्का किंवा बांध निवडा, डोह पुढच्या वेळेला. मात्र खाडीवरही तिथी बघूनच निघायचं.

खाडीत लागतो तो शिंगाळा मासा, मालवणकडे शेंगटी. तो कळपाने फिरतो आणि वासावर खातो, त्यामुळे एक लागला की मागोमाग दुसरे लागायची शक्यता असते. नवख्याला हेच हवं असतं. डोहातला शिवडा अंगाने मोठा आणि त्याची ओढही जबर, पण तो एकटा फिरणारा. चार तास काठीच्या टोकाची घंटी वाजली नाही तरी तक्रार करता येत नाही. पहिल्याच रात्री असं झालं तर मित्र परत येत नाही.

पाणी

भरतीचा जुना हिशेब अजूनही चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. खाडीच्या मुखापासून जितकं आत जाल तितका उशीर धरा. शुद्ध नवमी ते एकादशी हे दिवस नवख्यासाठी उत्तम. तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान आणि पाण्याची ओढ कमी, त्यामुळे ४०-५० ग्रॅमचं शिसं तळाला टिकतं आणि डोक्यावर चांदणंही असतं. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास, एवढंच बसायचं. जागेवर उजेडी पोचता येतं आणि साधारण दहापर्यंत घरी परतता येतं. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणात ८० ग्रॅमचं शिसंही गडगडतं आणि तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) कालवांच्या खडकात घासून तुटतो. बसण्याआधी दगडावरची ओल्या शेवाळाची रेघ बघा. पाणी तिथपर्यंत चढणार, म्हणून सामान आणि माणूस दोन्ही त्या रेघेच्या वर हवेत.

नदीला भरतीचं वेळापत्रक नाही. वाशिष्ठीत तर पाऊस नसतानाही पाणी चढतं, कारण कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, कोळकेवाडीहून तिच्यातच येतं. आत्ता कोरडा असलेला खडक तासाभराने पाण्याखाली असू शकतो. शिवाय सावित्रीत महाडजवळ, जगबुडीत खेडजवळ आणि वाशिष्ठीत चिपळूणकडे मगरी आहेत. या नद्यांवर रात्री काठाला बसूच नये, नवख्याबरोबर तर नाहीच. इतरत्रही आधी बॅटरी पाण्यावरून फिरवा. लालसर डोळे चमकले तर सामान उघडूच नका. मासा काठावर धुवायचा नाही, आतडी पाण्यात टाकायची नाहीत.

सामान

मांडणी दोन्हीकडे तीच. खाडीसाठी ०.४० ते ०.४५ मिमीचा तंगूस घ्या. त्यात आधी सरकतं शिसं, मग मणी, मग स्विव्हेल (पीळ न पडू देणारी फिरती कडी), पुढे ४० सेंमीचा जाड तुकडा आणि २/० ची गरी. शिसं सरकतंच ठेवा. गच्च बांधलं तर मासा आमिष उचलताना वजन जाणवून ते थुंकतो आणि मित्राच्या हाती नुसती टोच लागते. आमिषाला तारली किंवा बांगड्याचा बोटाएवढा तुकडा, गरीचं टोक उघडं ठेवून. शिवड्याच्या जबड्यात बारीक दातांच्या पट्ट्या असतात, म्हणून डोहात शेवटचा तुकडा ०.८० मिमीचा किंवा तारेचा हवा. रीळाचा ब्रेक सैल ठेवा आणि काठी दोरीने बांधा. नुसती टेकवलेली काठी मोठा मासा सरळ पाण्यात नेतो.

काटा

खाडीचा खरा धोका हा. शिंगाळ्याला पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन असे तीन करवती काटे असतात आणि त्यांवर विषारी आवरण असतं. मासा वर आला की मित्राला हात लावू देऊ नका. आधी ओलं गोणपाट टाकून मासा दाबा, मग गरी लांब पक्कडीने फिरवून काढा. पायाने दाबायची सवय तर अगदी वाईट, काटा चपलेतून आरपार जातो. पायात बंद बूट हवेत. जांभ्याच्या फटींत विंचू आणि फुरसंही असतं, त्यासाठीही.

थर्मासात गरम पाणी न्याच. काटा लागला तर ती जागा सोसेल इतक्या, म्हणजे साधारण ४५ अंशाच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. पाणी आधी दुसऱ्याने आपल्या हाताने तपासावं, कारण कळ लागलेल्याला भाजल्याचं कळत नाही. त्यानंतर दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. तुकडा आत राहिला असेल तर घरी कोरू नये. छातीत-पोटात काटा घुसला, धाप लागली किंवा रक्त थांबत नसेल तर गरम पाण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना.

शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो. जबडा उघडल्यावर गोट्यांसारखी अंडी दिसली तर गरी काढून तो तसाच हलकेच पाण्यात सोडा.

मग डोह कधी?

मित्राने खाडीवर मासा स्वतः सोडवला, अंधारात गाठ मारली, आणि बरोबर डोह ओळखणारा तिसरा गडी असेल तेव्हा. त्यातही कार्तिक ते वैशाख. मिरगाच्या पावसात मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हा वळगणीच्या माशाला गरी टाकू नये. निघण्याआधी गावात विचारा: काही डोह देवाचे असतात. महाडजवळच्या वाळणकोंडीत मासा कुणी धरत नाही. काही पाणी मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतलेलं असतं, तिथे परवानगी लागते.