ठाण्यातला इंग्लिश स्पीकिंग क्लास: पुस्तक बॅगेतच ठेवा, मॅडमसाठी जा

क्लासचं नाव लिहीत नाही कारण खाली थोडी तक्रार पण आहे आणि मला परत त्याच गल्लीतनं रोज जायचंय. नौपाड्यात, दुसरा मजला, लिफ्ट नाही. शनिवार-रविवार बॅच, ३ महिने, फी ६५०० घेतली माझ्याकडनं.

आधी का गेले ते सांगते. मी ऐरोलीला एका कंपनीत सपोर्टला आहे, मेल इंग्लिशमधेच, सोळा वर्षं झाली त्यामुळे म्हटलं आपल्याला येतं की. मग एकदा लंडनच्या टीमचा मेल आला की युजर्स नवीन फॉर्मबद्दल ऑब्लिव्हियस दिसतायत. मी घाईत वाचलं ऑब्व्हियस. म्हणजे फॉर्म एकदम उघड आहे, सगळ्यांना कळलाय, छानच झालं! साहेबांना सांगून टाकलं की माहितीपत्रक पाठवायची गरज नाही. आणि त्यांचं म्हणणं होतं बरोब्बर उलटं, की असा काही फॉर्म आलाय हे लोकांच्या गावीही नाही. पुढचे चार दिवस काय झालं ते विचारू नका. नवरा म्हणाला एका अक्षराचा तर फरक आहे, मी म्हटलं गप्प बस.

तर क्लास. पहिली गोष्ट म्हणजे १२ जणांची बॅच सांगून २७ जण बसवतात, एसी आहे पण तो फक्त पहिल्या दोन रांगांसाठी आहे असं दिसतं. त्यांचं छापील पुस्तक तर अगदीच टाकाऊ, डाव्या बाजूला इंग्लिश शब्द उजव्या बाजूला एक मराठी शब्द, झालं. ऑब्लिव्हियस समोर काय तर 'अज्ञानी'. आता हे वाचून कोणी क्लायंटला इग्नोरंट लिहिलं तर नोकरी जायची, कारण दोन्हींना मराठी एकच दिलंय पण इग्नोरंट म्हणजे जवळजवळ तोंडावर अडाणी म्हटल्यासारखं आहे.

पण मॅडम! साठीच्या पुढच्या असतील, कॉटनची साडी, हातात पुस्तक नाही. मी माझा किस्सा सांगितला तर हसल्या नाहीत, म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत, आज हाच शब्द करू." आणि पाऊण तास एकाच शब्दावर.

त्यांनी उदाहरण दिलं लोकलचं. दारात एक जण इयरफोन घालून रील बघत उभा आहे, मागनं सगळे ओरडतायत ठाणा उतरायचंय का, ठाणा उतरायचंय का, आणि हा ढिम्म. हा इग्नोरंट आहे का? नाही, ठाणं येतं आणि तिथे अर्धी गाडी रिकामी होते हे त्याला चांगलं माहितीये, आत्ता या क्षणी त्याचं लक्ष नाही. तो ऑब्लिव्हियस. आणि ज्याला खरंच कोणी सांगितलंच नाही की आज गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मला येणारे तो बिचारा अनअवेअर, त्यात त्याची चूक धरायची नाही. म्हणजे अनअवेअरमधे दोष नाही, ऑब्लिव्हियसमधे बरेचदा हलका टोमणा असतो की समोर दिसतंय तरी कसं कळत नाही, आणि इग्नोरंट सरळ टीका. हे मला सोळा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं हो.

मग म्हणाल्या दरवेळी टोमणाच असतो असंही नाही, तलावपाळीवर संध्याकाळी जोडपी बसतात त्यांना डास फोडून काढत असतात तरी पत्ता नसतो, ते पण ऑब्लिव्हियसच. तिथे मराठीत भान नसणं बसतं. मागच्या बाकावरची दोन कॉलेजची पोरं लगेच एकमेकांकडे बघायला लागली, असो.

शब्द मूळ लॅटिनमधला, विसरणं या अर्थाचा, म्हणून इंग्लिशमधे पण आधी त्याचा अर्थ विसराळू असाच होता आणि भान नसलेला हा अर्थ नंतर आला. त्यामुळेच पूर्वी याच्यापुढे ऑफ लावायचे, आता टू जास्त चालतं, दोन्ही बरोबर. अनअवेअरला मात्र ऑफच, टू नाही. मी इतकी वर्षं अनअवेअर टू लिहीत होते, देवा. अजून एक, शेवटी एस लावून अनअवेअर्स केलं की वापर बदलतो, कॉट अनअवेअर्स म्हणजे गाफील सापडला. आणि उच्चारात जोर 'ब्लि'वर द्यायचा, म्हणजे ऑब्व्हियसशी गल्लत होत नाही. हा भाग त्या माझ्याकडे बघून बोलल्या.

गृहपाठ म्हणून मराठी शब्द गोळा करायला लावले. बेखबर, गाफील, अनभिज्ञ, अजाण, गंधवार्ता नसणं, पंधरा तरी निघाले. एका काकांनी बेशुद्ध लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या ते अनकॉन्शस, तुम्हाला तिथपर्यंत जायचं नाहीये. २७ जणांचा वर्ग खदखदून हसला आणि एसीची आठवणही राहिली नाही.

स्टार साडेतीन. पाचपैकी पाच मॅडमना, पुस्तकाला शून्य, जिन्याला पण शून्य. डेमो लेक्चर फुकट आहे पण ते मॅडम घेत नाहीत, टाय लावलेला एक मुलगा घेतो आणि तो फक्त फीचे हप्ते समजावतो, तेव्हा पैसे भरायच्या आधी काउंटरवर शनिवार दुपारची बॅच कोणाकडे आहे ते विचारून घ्या. आणि गाडी घेऊन जाऊ नका, गोखले रोडला पार्किंग शोधेपर्यंत अर्धा तास जातो, स्टेशनवरनं चालत बरं पडतं.