ठाणे स्टेशन: आठ महिने रोज गाडी बदलल्यावर

ऑफिस नवी मुंबईत घणसोलीला हललं आणि डोंबिवली-ठाणे-घणसोली असा माझा रोजचा फेरा सुरू झाला, त्याला आता आठ महिने झाले. त्याआधी ठाणं म्हणजे माझ्या लेखी जिथे अख्खा डबा उलटापालटा होतो ते स्टेशन, बास.

पहिल्या आठवड्यात पाच-सहा नंबर फलाटावर मी उतरले म्हणण्यापेक्षा उतरवली गेले. सकाळच्या फास्ट लोकलमधून उतरायचं तर मुंब्रा मागे पडायच्या आत दाराकडे सरकायला लागायचं, नाहीतर चढणाऱ्या बायका परत आत ढकलतात. दुसऱ्याच दिवशी मागची एक मावशी म्हणाली, अगं बॅग पुढे घे आणि पाय उचलत राहा, बाकीचं लोक करतात. अक्षरशः तसंच होतं. तरी हा फलाट आता रुंद झालाय म्हणे, २०२४ च्या मे अखेरीस ६३ तासांचा मोठा ब्लॉक घेऊन, म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवून, दोन-तीन मीटर वाढवला, तेव्हा मी वर्क फ्रॉम होम होते म्हणून वाचले. आधी काय असेल कल्पना करवत नाही.

मग पूल चढून नऊ-दहा नंबर. ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लाईनच्या गाड्या इथून सुटतात, वाशी, नेरूळ, पनवेल, आणि घणसोलीला तिन्ही चालतात हे कळायला मला चार दिवस लागले, तोवर वाशीचीच वाट बघत दोन-दोन गाड्या सोडल्या, वेडेपणा नुसता. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये ही लाईन प्रवाशांसाठी सुरू झाली. २०२४ च्या जानेवारीत मध्ये दिघा गाव स्टेशन आलं, त्यामुळे ऐरोली आता पहिलं स्टेशन राहिलं नाही.

आणि इथेच मला ठाणं आवडायला लागलं. कारण या फलाटावर ठाणं शेवटचं स्टेशन आहे! गाडी येते, पूर्ण रिकामी होते आणि तीच परत फिरते. डोंबिवलीपासून एका पायावर आल्यावर चक्क खिडकी मिळते. अर्थात उतरणाऱ्यांच्या आधी घुसणाऱ्या आहेतच, आणि लांबून सीटवर रुमाल भिरकावणारीही एक आहे, नेम एकदम पक्का. मी दोनदा प्रयत्न केला, एकदा रुमाल दुसरीच्या जेवणाच्या डब्यावर पडला, सोडून दिलं.

गंमत म्हणजे सुरुवातीला अख्खं ठाणंच शेवटचं स्टेशन होतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी निघाली ती इथपर्यंतच, ३४ किलोमीटर, १४ डबे, साधारण चारशे पाहुणे, २१ तोफांची सलामी, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. चारशे माणसं १४ डब्यांत!! आमच्या लेडीज डब्यात सकाळी किती असतो ते मोजायला हात मोकळा नसतो. आणि निघायची वेळ दुपारी ३.३५, म्हणजे पाहुण्यांना गर्दीची वेळ माहीतच नव्हती. हे शेवटचं स्टेशनपण टिकलं जेमतेम वर्षभर, खाडीवर पूल बांधून १८५४ च्या मे महिन्यात गाडी कल्याणपर्यंत गेली. म्हणजे आम्ही डोंबिवलीकर ठाणेकरांच्या मागून आलो ते तेव्हापासून.

बाहेरचं मी फार वापरलं नाही. वेस्टला सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच पुलाच्या डेकवरून बस मिळतात, खाली रिक्षाची रांग, ईस्टला कोपरी. रविवारी मात्र निघण्याआधी मेगाब्लॉक बघाच, मी एकदा न बघता आले आणि तासभर वडापाव खात बसले, चूक माझीच.

परतीचं मात्र विचारू नका. संध्याकाळी ठाण्याहून डाऊन, म्हणजे कल्याणकडच्या फास्टला चढणं मी तिसऱ्या महिन्यात सोडलं, आता स्लो पकडते, दहा-बारा मिनिटं जास्त जातात पण श्वास घेता येतो. त्यातून ठाण्याहूनच सुटणारी एखादी कसारा किंवा कर्जत गावली तर लॉटरीच, बसून घरी.