गूगल चॅटमधले टास्क, आठ महिने वापरून : ठिबकच्या दुकानातला अनुभव

"सांगितलं होतं की!" गेल्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू यायचं ते हेच. लातुरात ठिबक-तुषारचं दुकान आहे, माणसं सात. दोघं काउंटरला, एक मुलगी महाडीबीटीच्या (सरकारी अनुदानाच्या पोर्टलच्या) फायली बघते, चार फिटर. कामं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडायची आणि गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गडप व्हायची.

जूनमध्ये गूगल चॅटवर आमची 'स्पेस' केली. स्पेस म्हणजे ग्रुपच, पण त्यात टास्कचा वेगळा टॅब असतो. काम लिहायचं, तारीख टाकायची, माणूस नेमायचा. ते त्याच्या गूगल टास्कच्या यादीत जातं आणि अमक्याला काम दिलं अशी ओळ चॅटमध्येही पडते. म्हणजे भांडायला जागाच नाही.

एका टास्कला माणूस मात्र एकच नेमता येतो. पहिले दोन महिने मला हे खटकलं. चारी काढायची, पाइप टाकायचा तर दोघं-तिघं लागतातच की.

मग भादा गावातलं काम झालं. दोन एकर ऊस. मी 'भादा ठिबक' एवढंच टास्क टाकलं आणि एका फिटरच्या नावावर केलं. मेनलाइन, तिच्यातून फुटणारी सबमेन, सऱ्यांतल्या बारीक नळ्या म्हणजे लॅटरल, सगळं बसलं, टिक पडली. चौथ्या दिवशी शेतकऱ्याचा फोन : "मालक, शेवटच्या सऱ्यांला पाणीच पोचंना." जाऊन बघतो तर लाइन फ्लश न करताच, म्हणजे पाणी सोडून आतून धुऊन न घेताच, टोकांना एंड कॅप बसवलेले. पाइप कापतानाचा कीस आणि माती ड्रिपरमध्ये जाऊन बसली होती. विचारलं तर प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं केलं असेल. चूक ॲपची नव्हती, माझ्या दोन शब्दांची होती.

आता एका शेताची पाच टास्क होतात : आखणी, चारी, जोडणी, फ्लश, जिओटॅग फोटो (जागेची नोंद असलेला). प्रत्येकाला एकच धनी. फ्लशवाल्यानं आधी सबमेनचा व्हॉल्व्ह, मग लॅटरलची टोकं सोडायची, आणि नितळ पाणी येतानाचा व्हिडिओ चॅटवर टाकल्याशिवाय टिक मारायची नाही. एक माणूस नेमण्याची जी अडचण वाटत होती, तिच्यावरच आता दुकान चालतं.

फायलींचं काम सुरळीत झालं. शेतकऱ्याच्या अनुदानाची पूर्वसंमती आली की त्याच दिवशी टास्क, मुदतीच्या आठ दिवस आधीची तारीख. अल्पभूधारकाला 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेचे ५५ आणि राज्याचे पूरक २५ धरून ८० टक्के अनुदान असतं. आमच्या विसरण्यानं त्याचं तेवढं कसं घालवायचं?

एक गोष्ट सांभाळा. स्पेसमधलं कुणीही कुणाच्याही टास्कवर टिक मारू शकतं. काउंटरच्या पोरानं 'यादी लई लांब झाली' म्हणून दोन चालू कामं पूर्ण करून टाकली होती! पूर्ण झालेल्यांतून ती परत आणता आली, पण त्या दिवशी माझा आवाज गंजगोलाईपर्यंत गेला असेल.

थोरल्या मिस्त्रींना टाइप करणं जमत नाही. ते कीबोर्डच्या माइकवर मराठीत बोलतात. शेतात रेंज नसते, मग टिक फाट्यावर आल्यावर पडते. शेतकऱ्यांशी बोलणं अजून व्हॉट्सॲपवरच, ते बदलणारही नाही.

गेल्या आठवड्यात मलाच एक टास्क आलं. मिस्त्रींनी बोलून लिहिलेलं : 'मालक, दोन इतवारचा ओव्हरटाइम.' तारीख त्याच दिवसाची, वेळ संध्याकाळी सहाची. पावणेसहाला टिक मारली.