गादीची सफाई आणि ढेकणांची फवारणी: दोन सेवांचा अनुभव

मे महिन्यात परीक्षा संपवून मुलगा वसतिगृहातून वळकटीसह घरी परतला. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आतच पत्नीच्या दंडावर आणि मानेवर, म्हणजे पांघरुणाबाहेर राहणाऱ्या भागावर, रोज सकाळी तीन-चार तांबड्या गांधी एका ओळीत उठलेल्या दिसू लागल्या. माझ्या अंगावर काहीच उठत नव्हते. मला मात्र जाग आल्याबरोबर शिंकांचा सपाटा सुरू होण्याचा जुना त्रास आहे. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असावे असे गृहीत धरून आम्ही प्रथम गाद्या यंत्राने साफ करून देणारी एक सेवा ठाण्यातील आमच्या घरी बोलावली, आणि चूक तिथेच झाली.

आलेली दोन्ही मुले वक्तशीर आणि नम्र होती. त्यांनी गादीवरून यंत्र फिरवले, यंत्रात जमलेली राखाडी भुकटी काळ्या फडक्यावर पसरली आणि ‘हेच डस्ट माइट, हेच रात्री चावतात’ असे ठामपणे सांगून दोन गाद्यांचे 1,800 रुपये घेतले. वास्तविक हा जीव जेमतेम पाव मिलिमीटरचा असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो ओळखता येणे शक्यच नाही. फडक्यावर दिसत होती ती धूळ, कापसाचे तंतू आणि आपल्याच त्वचेचा भुसा. माइट त्या भुशावर जगतो, माणसाला चावत नाही. त्याची विष्ठा आणि मेलेल्या किड्यांचे अवशेष नाकात गेले, की ज्यांना त्यांची ॲलर्जी असते त्यांना शिंका येतात, डोळे खाजतात, दमा असल्यास तो बळावतो. सफाईनंतर माझ्या शिंका काही दिवस कमी झाल्या हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, पण पत्नीच्या गांधी दुसऱ्याच दिवशी पुन्हा हजर होत्या.

अकरा दिवसांनी ओळखीतून एक वयस्कर फवारणीवाले काका आले. त्यांनी पंप दाराशीच ठेवला, आमच्याकडून बॅटरी आणि एक बाद झालेले एटीएम कार्ड मागून घेतले आणि कार्डाची कड गादीच्या शिवणीतून सावकाश ओढत नेली. शिवणीला शाईच्या थेंबांसारखे काळे ठिपके होते, जे ओल्या फडक्याने पुसताच तांबूस फराटा उमटवत पसरले. शेजारी टाकलेल्या फिकट काती आणि खसखशीएवढी पांढरी अंडी होती. पलंगाच्या डोक्याकडील फळीच्या स्क्रूच्या भोकातून तर अख्ख्या मसुराएवढा, चपटा, तांबूस तपकिरी ढेकूण चालत बाहेर आला आणि चिरडल्यावर तो ओळखीचा वास खोलीभर पसरला. या फळीला सफाईच्या यंत्राने स्पर्शही केला नव्हता. ‘मग मला का चावत नाहीत?’ असे विचारल्यावर काका हसून म्हणाले, ‘चावतात साहेब, तुमच्या अंगावर उठत नाही एवढंच.’

त्यांनी 2,400 रुपयांत दोन फवारण्या ठरवल्या. औषधाने अंडी सहसा मरत नाहीत आणि ती साधारण आठवड्या-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दुसरी फेरी पंधरा दिवसांनी करावीच लागते. एकाच फेरीत काम फत्ते करण्याचा वायदा कोणी केला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे असे माझे मत आहे. चादरी, अभ्रे आणि वळकटीतले कपडे त्यांनी कडक पाण्यात धुवायला लावले. पूर्वी चाळीत खाटांच्या सांध्यांत उकळते पाणी ओतत असत, ते काही अडाणीपण नव्हते: पन्नास अंशांपुढची उष्णता ढेकणाला आणि त्याच्या अंड्यांनाही सोसत नाही, उलट नेहमीच्या काही औषधांना बऱ्याच ठिकाणचे ढेकूण आता दाद देईनासे झाले आहेत.

उणिवाही सांगतो. दुसऱ्या फेरीला काका दोन तास उशिरा आले, औषधाचे नाव दोनदा विचारल्यावरच पावतीवर लिहिले, आणि फवारणीनंतर खोली किती वेळ बंद ठेवायची हे आपणहून सांगितले नाही. तरीही त्यांना पाचपैकी चार गुण देईन; सफाईवाल्यांना दोन, तेही शिंकांपुरते. दुसऱ्या फवारणीला आता दीड महिना झाला असून पत्नीच्या अंगावर एकही नवी गांध उठलेली नाही, आणि मी दर रविवारी माझ्या उशीचा अभ्रा गरम पाण्यात भिजत घालतो.