यू व्हिसा की 'वावा'? आधी नवऱ्याचे कागद बघा

अमेरिकेत नवऱ्यामागे आलेली बाई मारहाण असह्य होऊन कुणाला तरी फोन करते, तेव्हा ती बहुतेकदा मारहाणीबद्दल बोलतच नाही. "घर सोडलं तर मला परत पाठवतील का?" एवढंच विचारते. त्याचं उत्तर नवरा कोणत्या कागदावर तिथे राहतोय, यावर ठरतं.

तो नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल, तर बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यातला मार्ग खुला आहे: नवऱ्याशिवाय, स्वतःच्या नावावर ग्रीन कार्डकडे जाण्याचा. त्या कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (VAWA) त्याला सगळे 'वावा' म्हणतात. आय-३६० हा अर्ज बाईने स्वतः करायचा. नवऱ्याची सही लागत नाही, त्याला कळवलंही जात नाही. पोलीस तक्रार असलीच पाहिजे असं नाही. डॉक्टरांची नोंद, शेजारणीचं प्रतिज्ञापत्र, रात्री दोन वाजता बहिणीला केलेले मेसेज, सगळं पुराव्यात धरतात. मात्र लग्न खरं होतं आणि दोघं एकत्र राहत होतात, हे दाखवावं लागतं. घटस्फोट झाला असेल तर तो छळामुळे झालेला हवा आणि अर्ज दोन वर्षांच्या आत जायला हवा. मंजुरीआधी दुसरं लग्न केलंत, तर हा अर्ज बाद. बायकोकडून छळ होणाऱ्या नवऱ्यालाही हाच मार्ग आहे, हे फारच थोड्यांना माहीत असतं.

यू व्हिसा, म्हणजे गुन्ह्याचा बळी ठरलेल्यांसाठीचा व्हिसा, २००० च्या कायद्यातून आला. तिथे मारणाऱ्याचा व्हिसा कुणी विचारत नाही, तो नवरा असण्याचीही गरज नाही. गुन्हा मात्र ठरलेल्या यादीतला हवा (घरगुती हिंसा त्यात आहे) आणि तपासाला तुमची मदत हवी. खरी मेख सर्टिफिकेशनमध्ये आहे. पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश यांनी ठरावीक फॉर्मवर सही करून द्यायची, आणि सहीपासून सहा महिन्यांत अर्ज पोचला पाहिजे. सही द्यायची की नाही, ही त्यांची मर्जी. नवऱ्याला शिक्षा किंवा अटक झालेली असावी, अशी अट मात्र नाही.

शिवाय रांग आहे. वर्षाला मुख्य अर्जदारांना १०,००० यू व्हिसे, आणि पडून असलेले अर्ज लाखांत. २०२१ पासून प्राथमिक छाननीत अर्ज खरा वाटला तर वाट पाहताना काम करायची परवानगी मिळू शकते, तेवढाच दिलासा. व्हिसा हातात आल्यावर तो चार वर्षांचा, आणि तीन वर्षं देशात काढल्यावर ग्रीन कार्डचा अर्ज. त्या काळात सलग ९० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर मोजणी तुटते. "चार महिने माहेरी येऊन राहा" हा आईचा सल्ला म्हणूनच महागात पडतो. दुकानांत दरोड्याचं नाटक करून यू व्हिसा लाटू पाहणाऱ्या काही भारतीयांवर अलीकडे अमेरिकेत खटले झाले. खऱ्या अर्जदारांच्या वाट्याला त्यामुळे संशयच आला.

आता आपल्याकडच्या बहुतेक बायकांची गत बघा. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ती त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकोच्या एच-४ व्हिसावर. भारतीयांच्या ग्रीन कार्डची रांग इतकी लांब की नवरा वर्षानुवर्षं एच-१बी वरच राहतो. तोवर तिला 'वावा' बंद. त्याची रांग तिच्या दाराला कुलूप लावून बसते, आणि हे मला सगळ्यात अन्यायाचं वाटतं. अशा बाईसाठी आय-७६५व्ही नावाचा छोटा अर्ज आहे. छळ झालेल्या एच-४ पत्नीला त्यावर काम करायची परवानगी मिळते. नेहमीच्या एच-४ परवान्यासारखं नवऱ्याच्या आय-१४० वर (ग्रीन कार्डसाठी मालकाने केलेल्या अर्जावर) ते अवलंबून नसतं. पण हातात येतो तो फक्त कामाचा परवाना. देशात राहायचा हक्क नाही, पुढे ग्रीन कार्डही नाही.

म्हणून माझं मत असं: 'वावा' लागू होत असेल तर तोच अर्ज करा, पोलीस केस असली तरी. हवं तर यूचाही करा, दोन्ही एकत्र चालतात. एच-४ वर असाल तर आय-७६५व्ही करून आधी पगार सुरू करा आणि सोबत सर्टिफिकेशनच्या मागे लागा. पासपोर्ट काढून घेऊन कुणी जबरदस्तीने राबवत असेल, तर टी व्हिसाचं (मानवी तस्करीच्या बळींसाठीच्या व्हिसाचं) आधी विचारा. त्याला पोलिसांची सही सक्तीची नाही. वकील इमिग्रेशनचाच हवा, घटस्फोटाचा वकील पुरत नाही. न्यू जर्सीतली 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसोबत काम करतेय, तिथेही विचारता येतं.

आणि आजच पासपोर्टच्या पानांचे फोटो काढून नवऱ्याला ठाऊक नसलेल्या ईमेलवर पाठवा. आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची नोंद पासपोर्ट नंबर टाकून नंतर ऑनलाइन काढता येते, पण नंबर लक्षात कोणाच्या असतो? माझ्या ओळखीच्या एकीने तो तांदळाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला होता.